खाडीपासून नाणेघाटापर्यंत, चार दिवस फक्त पानं बघत

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंड केलं तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात अडकून बसली होती. गोविंदघाटपासून चढायला लागलो तेव्हा अक्रोडाची चांगली हातभर संयुक्त पानं, मग घांघरियाच्या जवळ भोजपत्र, त्याच्या वर बुटक्या बुरांशाची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची जाड पानं, खालून तपकिरी लोकर लावल्यासारखी, आणि हेमकुंडच्या बाजूला चार हजार मीटरच्या वर गेलो तर झाडच नाही, सगळं जमिनीला चिकटलेलं, छोटी छोटी केसाळ पानं. फेनकमळ लांबूनच दिसलं, दगडात कापसाचा गोळा ठेवल्यासारखं. तेव्हा मी मनात पक्कं करून टाकलं की उंची वाढली की पान लहान आणि जाड होतं, संपला विषय.

मी बॉटनीत बीएस्सी केलंय पण नंतर बँकेत लागले आणि वीस वर्षं पान हातात घेऊन नीट बघितलं नव्हतं. माझी भाची आता ठाण्यातच एसवायला आहे, तीही बॉटनीच करतेय. तिला मी हे सगळं रंगवून सांगितलं तर ती म्हणाली, मावशी, उंची पानाला कशी कळते? तुझ्या पानाकडे काय अल्टिमीटर आहे का? मला खरंच उत्तर देता आलं नाही. मग ठरवलं की दसऱ्याला जोडून सुट्टी आहे तर हिमालयात परत जायला नको, आपल्या घरापासूनच सुरुवात करू, समुद्रसपाटीपासून जिथपर्यंत एका दिवसात जाऊन येता येईल तिथपर्यंत चढत जायचं आणि पानं बघायची. एक वही, स्टीलची पट्टी, फोल्डस्कोप म्हणजे कागदाचा छोटा सूक्ष्मदर्शक, आणि आमच्या मिस्टरांची एसीच्या कामाची इन्फ्रारेड टेंपरेचर गन एवढं सामान घेतलं. पान तोडायचं नाही हे आधीच ठरलेलं, खाली पडलेलं घ्यायचं नाहीतर झाडावरच मोजायचं.

दिवस पहिला, ऐरोली

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल धरली, दिघा गाव मग ऐरोली, आणि तिथून रिक्षाने खाडीकाठच्या वनखात्याच्या जैवविविधता केंद्रात. फ्लेमिंगो अजून आले नव्हते त्यामुळे गर्दी नव्हती, लाकडी पुलावर आम्ही दोघीच. भरती नुकतीच ओसरायला लागली होती, चिखलातून तिवराची श्वासमुळं पेन्सिली उभ्या कराव्यात तशी वर आलेली. ठाणे खाडीचं हे अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं आणि २०२२ ला पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं, पण आपण रोज ऐरोलीच्या पुलावरून जाताना खिडकीतून एक हिरवा पट्टा बघतो आणि पुढे जातो, जवळ जाऊन पान बघतच नाही.

तिवराचं पान मी उलटं केलं आणि मला एकदम हेमकुंडच आठवलं. वरून गुळगुळीत हिरवं, जाडसर, आणि खालून राखाडी-पांढुरकं, भिंगातून बघितलं तर बारीक केसांचा थर. हे तर मी बुरांशाच्या पानाखाली बघितलं होतं, रंग वेगळा एवढंच. आणि इथे उंची किती? शून्य. माझा सगळा सिद्धांत पहिल्याच तासात पाण्यात गेला आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आनंदच झाला, कारण आता बघायला काहीतरी होतं.

भाचीने पानावरून बोट फिरवून जिभेला लावलं, खारट! उन्हात पानावर मिठाचे बारीक कण चमकत होते. तिवर पाणी घेताना बरंचसं मीठ मुळाशीच गाळतो, तरी जे आत येतं ते पानावरच्या ग्रंथींमधून बाहेर टाकतो. कांदळ मुळाशीच जास्त कडक गाळणी लावतो. चिप्पीचं पान बोटात धरलं तर गुबगुबीत लागतं, पाणी भरून ठेवलेलं. मारांडीची पानं काटेरी, आणि तीही मीठ बाहेर टाकते. एकाच चिखलात उभी राहून प्रत्येकाने आपापला मार्ग काढलाय.

मग पुलावर बसून डबा खाताना आमचं बोलणं झालं तेच मला या चार दिवसांतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खाडीत पाणी आहे, कमरेएवढं आहे, पण खारट आहे म्हणून ते आत ओढायला झाडाला प्रचंड जोर लावावा लागतो, म्हणजे पाण्यात उभं राहूनही झाड तहानलेलंच. आणि हिमालयात वर काय होतं, पाणी आहे पण ते बर्फ आहे किंवा इतकं गार आहे की मुळांना ओढता येत नाही, आणि वरून ऊन आणि कोरडा वारा पानातलं पाणी खेचतोय. म्हणजे दोन्हीकडे तहान तीच. म्हणून पान जाड, वर मेणाचा थर, आणि जिथून वाफ बाहेर जाते ती रंध्रं खालच्या बाजूला केसांच्या पांघरुणात लपवलेली. समुद्रसपाटीवरचं तिवर आणि चार हजार मीटरवरचं झुडूप, दोघं एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण उत्तर सारखंच काढलंय.

दिवस दुसरा, येऊर

सकाळी सहाला निघालो, गेटवर नाव नोंदवून आत. येऊरचे डोंगर म्हणजे संजय गांधी उद्यानाचाच भाग, आणि या सगळ्या उद्यानातलं सगळ्यात उंच टोकसुद्धा पाचशे मीटरच्या आत आहे, म्हणजे हिमालयवाल्यांच्या भाषेत टेकडीच. पण पानांच्या बाबतीत इथे जी श्रीमंती आहे ती वर नाही.

पहिला साग. पान पट्टीने मोजलं, लांबी ४८ सेंटिमीटर, आणि हे काही खास निवडलेलं नव्हतं, वाटेवर पडलेलं होतं. हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत. एवढं मोठं पान इथे परवडतं कारण पावसाळ्यात पाण्याला तोटा नाही आणि रात्र कधी गोठत नाही. आणि कोरडा काळ आला की साग सरळ पान टाकून देतो, जानेवारीनंतर येऊरला गेलात तर नुसते खराटे उभे असतात. म्हणजे ही पानं काही महिन्यांच्या भाड्याची जागा आहेत, त्यात जास्त खर्च केलेला नाही, जाड कातडी नाही, मेण नाही.

इथे टेंपरेचर गन कामाला आली. साडेअकराला उन्हात पडलेल्या सागाच्या वाळक्या पानावर धरली तर ४७ दाखवलं, आणि त्याच उन्हात फांदीवरच्या जिवंत पानावर ३५. बारा डिग्रीचा फरक! दोन्ही पानं जवळपास सारखी मोठी, ऊन सारखं, फक्त एक पाणी बाहेर सोडतंय आणि दुसरं मेलेलं आहे. बाष्पोत्सर्जन हा शब्द अकरावीला पाठ केला होता पण तो असा आकड्यात बघितला नव्हता. मोठ्या पानाभोवती स्थिर हवेचा जाड थर असतो, उष्णता पटकन निघून जात नाही, म्हणून त्याला घामाने थंड राहावं लागतं, आणि पाणी संपलं की ते भाजणार. लहान पान मात्र आसपासच्या हवेच्या तापमानाच्या जवळपास राहतं, त्याला एवढा पाण्याचा खर्च नाही.

करवंदाच्या जाळ्या भरपूर. करवंदाचं पान छोटं, चिवट, चकचकीत, आणि ते वर्षभर टिकतं, उन्हाळ्यात साग उघडा पडतो तेव्हा जाळी हिरवीच असते. झाडीतल्या अर्धसावलीत एका जाळीवर वीस पानं मोजली, बहुतेक ५ ते ६ सेंटिमीटर. हे आकडे वहीत लिहून ठेवले, का ते चौथ्या दिवशी सांगते.

बाकी ऐनाच्या पानाखाली देठाजवळच्या दोन गाठी, पळसाची तीन पानं, कुड्याचा चीक, हे सगळं भाचीने फोटोत घेतलं. कारवी मात्र बघवत नव्हती आणि बघावीशीही वाटत होती. २०१६ ला इथले उतार जांभळे झाले होते, मग २०२४ ला, आणि फुलून बी टाकलं की कारवी मरते, त्यामुळे जुन्या काड्या वाळून उभ्या आणि त्यांच्यामध्ये नवीन रोपं गच्च उगवलेली. पुढचा बहर येईल तेव्हा माझी भाची पंचविशी ओलांडून गेलेली असेल.

परत येताना एका आंब्याखाली बसलो. भाची म्हणाली बघ मावशी, खालच्या सावलीतलं पान रुंद आणि पातळ, आणि शेंड्याकडची उन्हातली पानं लहान आणि जाड वाटतात. वाटत नाही, असतातच. उन्हातल्या पानात हरितद्रव्याच्या उभ्या पेशींचा थर जाड असतो. म्हणजे एकाच झाडावर, एकाच उंचीवरच्या डोंगरात, दोन प्रकारची पानं.

दिवस तिसरा, घरीच

पाय दुखत होते म्हणून हा दिवस घरातच गेला पण वाया नाही गेला. नेलपॉलिशचा प्रयोग केला. पारदर्शक नेलपॉलिश पानाच्या खालच्या बाजूला पातळ लावायचं, पूर्ण वाळू द्यायचं, त्यावर सेलोटेप चिकटवून अलगद ओढायचं, आणि ती टेप भिंगाखाली. पानाच्या कातडीचा ठसा येतो. सोसायटीच्या भिंतीत उगवलेल्या पिंपळाच्या पानाचा ठसा फोल्डस्कोपखाली धरला, तो साधारण १४० पट मोठं दाखवतो, आणि ओठांसारखी रंध्रंच रंध्रं. वरच्या बाजूचा ठसा घेतला तर जवळपास काही नाही. ऊन वरून पडतं म्हणून दारं खालून, किती साधा हिशोब.

मग गेटजवळची कण्हेर. तिचा ठसा येईचना, म्हणजे आला पण रंध्रं दिसेनात. कारण कण्हेरीची रंध्रं पृष्ठभागावर नसतातच, पानाखाली छोटे छोटे खड्डे असतात, त्या खड्ड्यांत केस आणि त्या केसांच्या आडोशाला रंध्रं. पुस्तकात आकृती काढून दहा मार्क मिळवलेत मी यावर, पण ठसा कोरा आल्यावर जे समजलं ते वेगळंच. तिवराचंही असंच झालं असतं, नेलपॉलिशला फक्त केसच चिकटले असते.

गॅलरीत आमच्याकडे ब्रह्मकमळ आहे. आता हे सांगायलाच पाहिजे, ठाण्यातल्या निम्म्या गॅलऱ्यांत रात्री फुलणारं जे ब्रह्मकमळ असतं ते हिमालयातलं नाही. आपलं हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं कॅक्टस आहे, तिथल्या दमट जंगलात झाडांवर वाढणारं, आणि ज्याला आपण पान म्हणतो ते पानच नाही, चपटं झालेलं खोड आहे, म्हणून तर फूल त्या पानाच्या कडेतून निघतं. खरं ब्रह्मकमळ मी हेमकुंडला बघितलं. त्याचं साधं पान तसं लांबोळकं असतं, कमाल आहे ती फुलाभोवतीच्या पिवळट पातळ पानांची, बटर पेपरसारखी, उजेड आत येतो आणि थंडी-वारा बाहेर राहतो. पूर्व हिमालयात, सिक्कीमकडे, रेवंदचिनीच्या कुळातलं एक झाड आहे ते तर पुरुषभर उंचीचा पिवळट मनोराच करतं अशा पानांचा, काचघरासारखा. म्हणजे वर पान लहानच होतं असंही नाही, पानाचं छप्पर पण होतं.

रात्री वाचत बसलो. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हंबोल्ट १८०२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो पर्वतावर चढला आणि कुठल्या उंचीला कुठली झाडं हे त्याने एका चित्रात मांडलं, ते माहीत होतं. नवीन कळलं ते असं, २०१७ मध्ये इयन राइट या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सोबतच्यांनी जगभरातल्या ७,६७० जातींची पानं तपासली आणि म्हटलं की पान किती मोठं होऊ शकतं हे फक्त दुपारच्या उन्हावर ठरत नाही, जगाच्या बऱ्याच भागात ते रात्रीच्या गारठ्यावर ठरतं. निरभ्र रात्री पान आकाशाकडे उष्णता टाकत राहतं, मोठ्या पानाला हवेतून ती परत मिळायला वेळ लागतो, त्यामुळे ते हवेपेक्षा गार होऊन गोठतं. म्हणून वाळवंटातही लहान पान आणि बर्फाजवळही लहान पान, कारणं मात्र उलटी.

आणि दुसरी गोष्ट क्लॉसेन, केक आणि हीझी या तिघा शास्त्रज्ञांची. १९३० आणि ४० च्या दशकात कॅलिफोर्नियात त्यांनी तीन बागा केल्या, एक समुद्रसपाटीजवळ ३० मीटरवर, एक १,४०० वर आणि एक ३,०५० मीटरवर, आणि यारो नावाच्या छोट्या रोपाचे वेगवेगळ्या उंचीवरचे नमुने एकाच बागेत शेजारी शेजारी लावले. वरून आणलेली रोपं खालच्या उबदार बागेतही बुटकीच राहिली. म्हणजे त्यांचं बुटकेपण फक्त थंडीमुळे नव्हतं, ते रक्तात उतरलेलं होतं. भाची हे वाचून बराच वेळ गप्प होती.

दिवस चौथा, नाणेघाट

पहाटे साडेचारला निघालो, मिस्टरांनी गाडी काढली, कल्याण, मुरबाड, टोकावडे, वैशाखरे. गाडी खाली लावून चढायला सुरुवात. वैशाखरे आपल्या ठाणे जिल्ह्यात आणि वर पोचलं की पुणे जिल्हा. खालची अर्धी वाट झाडीतून, साग, ऐन, हिरडा, सगळी येऊरचीच मंडळी. मग जुने दगडी टप्पे, मग गुहा. सातवाहनांच्या काळातला हा व्यापारी रस्ता, गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख, बाहेर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण. त्याच्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय म्हणून मी पुढे जाते.

घाटमाथा साधारण साडेसातशे मीटर. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा डिग्री तापमान उतरतं, म्हणजे ठाण्यापेक्षा इथे जेमतेम पाच डिग्रीचा फरक. हेमकुंडला तोच फरक सव्वीस-सत्तावीस डिग्रीचा होतो, हवाही पातळ, अतिनील किरणं जास्त. तेव्हा नाणेघाटात जर पान बदललेलं दिसलं तर त्याचं श्रेय उंचीला देता येणार नाही, आणि पान तर बदललेलं दिसत होतं!

कड्याच्या काठावर वारा असा की ओढणी हातात धरावी लागत होती. पावसाळ्यात हाच वारा धबधब्याचं पाणी उलटं वर उडवतो. पण भाची एका खडकावर पालथी झोपली आणि मला म्हणाली मावशी झोपून बघ. मी पण झोपले. वारा गायब! वीतभर उंचीवर हवा शांत आणि खडकाची ऊब. माझ्या नाकासमोर नभाळी, निळ्या-जांभळ्या फुलांची, पानं मऊ केसाळ, थोडी मांसल, बोटभर मातीत वाढलेली. हिमालयातली ती जमिनीला चिकटलेली झाडं या शांत थरात राहतात, उन्हात त्यांची पानं वरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा डिग्रीने गरम होऊ शकतात. आपण पाच-साडेपाच फुटांवरून बघतो म्हणून आपल्याला ती गारठलेली वाटतात.

पठारावर सोनकी पिवळीधमक, कवल्याची नाजूक पानं, आणि एका खळग्यात ओल टिकली होती तिथे सीतेची आसवं, फुलं तेवढी वर, पानं शोधायलाच लागतात, आणि चिखलात बारीक पिशव्या ज्यात सूक्ष्म जीव अडकतात, कारण कातळावरच्या मातीत नायट्रोजन नावालाच. चार महिने पाण्याचा मारा आणि आठ महिने तापलेला खडक, आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर हीच खरी उंची आहे.

आणि आता करवंदं. काठाच्या पाच-सात पावलं आत, वाऱ्याच्या तोंडावर एक जाळी होती, गुडघ्याएवढी, एका बाजूला कंगव्याने विंचरल्यासारखी. वीस पानं मोजली, बहुतेक ३ सेंटिमीटर, काही त्याहून कमी, आणि चांगली जाड. येऊरच्या निम्मी. मी वही मिटणार होते, भाची म्हणाली थांब, आणि तिथून पन्नास पावलांवर एका मोठ्या कातळाच्या मागे, आडोशाला, दुसरी जाळी शोधून काढली. उंची तीच, दिवस तोच, पाऊस तोच. वीस पानं मोजली. ५ सेंटिमीटर, साडेपाच, ५, परत साडेपाच. जवळपास येऊरएवढीच. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पन्नास पावलांत आमचा आडोसा बदलला होता आणि पान तेवढ्यावर बदललं होतं. चाळीस पानांवरून शोधनिबंध होत नाही हे मला माहितीय, पण माझ्यासाठी तिच्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं, पानाला उंची कळत नाही, त्याला वारा कळतो, तहान कळते, रात्रीचा गारठा कळतो.

वर काकडी आणि ताक विकणाऱ्या एक आजी बसल्या होत्या. आम्ही एवढा वेळ जाळीत काय करतोय असं त्यांनी विचारलं, तर भाचीने सगळं सांगितलं. आजी म्हणाल्या, काठावरची जाळी तशीच राहते गं, मी लहान होते तेव्हापासून तेवढीच आहे, फळ पण बारीक धरते पण गोड असतं. भाचीचे डोळे चमकले, कारण तिच्या डोक्यात कालची ती तीन बागांची गोष्ट फिरत होती. काठावरच्या जाळीचं बी आणि आडोशाच्या जाळीचं बी एकाच ठिकाणी लावलं तर? काठावरचं रोप ठाण्यात, वाऱ्याशिवाय, पान मोठं करेल की बुटकंच राहील?

ऑक्टोबरमध्ये करवंदाला फळ कुठून असणार. आजी म्हणाल्या मे महिन्यात या, पहिल्या पावसाच्या आत, दोन्ही जाळ्यांची वेगवेगळी काढून ठेवते. आम्ही त्यांना दोन कापडी पिशव्या देऊन आलोय, काठाची लाल आणि आडोशाची निळी, आणि गॅलरीत ब्रह्मकमळाच्या शेजारच्या दोन कुंड्या रिकाम्या केल्यात.